सूत्र पाठ आहे, आकडा कुठला घालायचा?

वाचकांचे प्रश्न : व्होल्टेज, करंट, रोध आणि वॅट

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात), आणि व्होल्टेज गुणिले करंट (ॲम्पियरमध्ये) म्हणजे वॅट. ही दोन सूत्रं पत्र पाठवणाऱ्या बहुतेकांना पाठ आहेत. तरीही गणिताचं उत्तर घरातल्या वस्तूशी जुळत नाही, ही सगळ्यांची तक्रार. पत्रं वाचताना लक्षात आलं की भागाकार क्वचितच चुकलेला असतो. चुकतो तो आकडा (तारेवर टाकायचा नव्हे, सूत्रात घालायचा): व्होल्टेज एका ठिकाणचं, करंट दुसऱ्या वेळचा आणि रोध गार वस्तूचा. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये मोजायचं कुठे आणि कधी, यालाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमचा गिझर १५ लिटरचा, २००० वॅटचा आहे. सकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं आणि पाणी तापायला अर्धा तास लागतो. वायरमन म्हणतो, कॉइल बदला. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध २६.८ ओहम येतो. कॉइल गेली आहे का? शिवाय व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो म्हणतात, मग वायरिंगला धोका आहे का?
— वाचक, नाशिक

कॉइल ठणठणीत आहे, बदलू नका.

गिझरच्या पाटीवर २००० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. त्यावरून रोध काढायचा तर व्होल्टेजचा वर्ग करून वॅटने भागायचं (वरची दोन सूत्रं एकत्र केली की हे निघतं) : २३० × २३० = ५२,९००, भागिले २००० = २६.४५ ओहम. तुमच्या मीटरने २६.८ दाखवले. आता मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहा, ०.२ ते ०.५ ओहम दिसतील. तो पिनांच्या वायरींचा स्वतःचा रोध, तो वजा करायचा. म्हणजे तुमची कॉइल जवळपास पाटीबरहुकूम आहे. तापवणाऱ्या उपकरणांना वॅटमध्ये पाच टक्के वर आणि दहा टक्के खाली इतकी सूट असते, त्यामुळे २५ ते २९ ओहमच्या दरम्यानचं कुठलंही उत्तर चालण्यासारखं. कॉइलमधली निक्रोमची तार तापल्यावर रोध वाढतो, पण चार-पाच टक्क्यांच्या आतच, तेव्हा इथे गार कॉइल मोजली तरी फारसं बिघडत नाही. (पुढच्या प्रश्नातला बल्ब मात्र याच्या अगदी उलट वागतो.)

आता १९० व्होल्टचं गणित. रोध तोच राहतो, म्हणून करंट १९० ÷ २६.४५ = ७.१८ ॲम्पियर. पूर्ण व्होल्टेजला तो ८.७ असतो. म्हणजे करंट वाढला नाही, कमी झाला. ‘व्होल्टेज पडलं की करंट वाढतो’ हे मोटरला लागू आहे, कारण तिला पाण्याचा किंवा चक्कीचा भार ओढायचाच असतो. गिझर, इस्त्री, शेगडी यांना तो नियम लावू नये. तुमच्या वायरिंगला यातून धोका नाही.

वॅट किती उरले? १९० × ७.१८ = १३६५. व्होल्टेज सतरा टक्के घटलं, पण वॅट बत्तीस टक्के घटले, कारण व्होल्टेजबरोबर करंटही पडतो आणि दोन्हींचा गुणाकार होतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे १९० ला पाटीवरचे ८.७ ॲम्पियर गुणून १६५३ वॅट काढणं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.७ युनिट लागतात. २००० वॅटला ते काम २१ मिनिटांत होतं, १३६५ वॅटला ३१ मिनिटांत. तुमचा अर्धा तास बरोबर बसतो. बिल दोन्ही वेळा जवळपास तेवढंच. वेळ वाढतो, युनिट नाही.

मात्र १९० व्होल्ट नेमके कुठे मोजलेत ते तपासा. सिंगल फेजला २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४, अशी मर्यादा आहे. गिझर चालू असताना मेन स्विचपाशी १९० असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा, वीज कंपनीकडे तक्रार करा. पण मेन स्विचपाशी २१५ आणि गिझरच्या टर्मिनलवर १९० निघाले, तर २५ व्होल्ट भिंतीच्या आत मुरताहेत. २५ × ७.१८ म्हणजे जवळपास १८० वॅटची उष्णता, आणि ती बहुधा एका ढिल्या स्क्रूपाशी. सॉकेटच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्यात का, स्विचच्या मागे प्लॅस्टिक पिवळं झालंय का, पाहा. चालू लाइनवरचं हे मोजमाप ज्याला सवय आहे त्यानेच करावं.

कॉइल मोजताना मेन बंद हवा, प्लग काढलेला हवा आणि कॉइलच्या दोन टोकांपैकी एकाची वायर सुटी केलेली हवी. प्लगच्या पिनांवर मोजलं तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा भाग) उघडा असला तरी मीटर ‘ओपन’ दाखवतं आणि चांगली कॉइल भंगारात जाते.

प्रश्न : १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध सूत्राने ५२९ ओहम येतो. मीटरने मोजला तर ३८ ओहमच्या आसपास. मीटर स्वस्तातला आहे, तो चुकतो का?
— दहावीतली विद्यार्थिनी, लातूर

मीटर बरोबर, सूत्रही बरोबर. तू मोजलास तो गार फिलामेंटचा रोध. ५२९ ओहम आहेत ते पेटलेल्या बल्बचे. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि तिचा रोध गार असतानाच्या बारा ते पंधरा पट होतो. मीटरची नऊ व्होल्टची बॅटरी फिलामेंटला कोमटही करत नाही.

बटण दाबल्याच्या क्षणी मात्र फिलामेंट गारच असतं. त्या क्षणाचा करंट २३० ÷ ३८, म्हणजे सहा ॲम्पियर. एरवी तो ०.४३ असतो. सेकंदाच्या काही शतांश भागात तार तापते आणि करंट उतरतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच ‘टिक्’ करून जात, त्याचं कारण हेच.

तुझा दुसरा प्रश्न : ६० आणि १०० वॅटचे बल्ब एकसर (एकापाठोपाठ एक) जोडले तर प्रखर कोणता? ६० वॅटचा. त्याचा रोध ८८२ ओहम, दुसऱ्याचा ५२९. करंट दोघांतून एकच, २३० ÷ १४११ = ०.१६३ ॲम्पियर. वॅट काढायला करंटचा वर्ग गुणिले रोध : ६० वाल्याला २३.४, १०० वाल्याला १४. परीक्षेत हेच लिही. प्रत्यक्षात दोन्ही फिलामेंट पूर्ण तापत नाहीत, १०० वाला तर आणखीच गार राहतो, त्यामुळे फरक याहूनही जास्त दिसतो.

एलईडी बल्ब ओहममध्ये मोजायच्या भानगडीत पडू नकोस. त्याच्या आत सर्किट असतं, मीटरवर आलेल्या आकड्याचा काही अर्थ लागत नाही.

प्रश्न : मिक्सर किती करंट घेतो ते पाहण्यासाठी मल्टिमीटर १० ॲम्पियरवर ठेवून पिना सॉकेटमध्ये घातल्या. ठिणगी उडाली, एमसीबी पडला, पिनांची टोकं वितळली. १० ॲम्पियरचं मीटर २३० व्होल्टला चालत नाही का?
— वाचक, इचलकरंजी

तुम्ही करंट मोजला नाहीत, सॉकेट शॉर्ट केलंत. व्होल्टेज मोजताना मीटर फेज-न्यूट्रलच्या मध्ये लावतात आणि त्याचा रोध लाखो ओहम असतो. करंट मोजायला मीटर वायर तोडून तिच्या मध्ये घालायचं असतं, म्हणून त्याचा रोध मुद्दाम नगण्य, ०.१ ओहमपेक्षाही कमी ठेवलेला असतो. घरापर्यंतच्या लाइनचा रोध धरून सगळा मिळून एक ओहम म्हटला, तरी २३० ॲम्पियर वाहिले. एमसीबीने जीव वाचवला.

स्वस्त मीटरमध्ये १० ॲम्पियरच्या भोकाला पुष्कळदा फ्यूजच नसतो. त्यामुळे नंतर कधी ओहम किंवा व्होल्टवर चकती फिरवली तरी लाल पिन त्याच भोकात राहिली तर पुन्हा हेच घडेल. घरगुती कामाला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारं) घ्या. वायर तोडावी लागत नाही.

प्रश्न : मीटरपेटीपासून विहीर २०० मीटर लांब आहे. दीड एचपीची सिंगल फेज पाणबुडी मोटर, अडीचची दोन कोरची कॉपर केबल. दोन वर्षांत मोटर दोनदा भरून आणली. भरणारा म्हणतो, व्होल्टेज कमी पडतंय. पण मी विहिरीवरच्या स्टार्टरवर मीटर लावून पाहिलं, २२८ व्होल्ट येतात. केबलला हात लावला तर थंडगार. मग मोटर का जळते?
— शेतकरी वाचक, सांगोला

हे २२८ व्होल्ट मोटर बंद असताना मोजलेत ना? तिथेच घोटाळा आहे. करंट वाहत नसेल तर केबलमध्ये एक व्होल्टही पडत नाही. दोनशे मीटर असो नाहीतर दोन किलोमीटर, टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मोटर पाणी ओढायला लागली की खरा आकडा कळतो.

आधी कागदावर. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी ४०० मीटर धरायची. ही दुप्पट करायला बरेच जण विसरतात आणि उत्तर निम्मं येतं. ७.४१ × ०.४ = २.९६ ओहम. दीड एचपीची मोटर १० ॲम्पियरच्या आसपास घेते, म्हणजे केबलमध्ये ३० व्होल्ट गेले.

आता प्रत्यक्ष. मोटर सुरू करून पाच मिनिटं पाणी पडू द्या. मग तीन आकडे शक्यतो एकाच वेळी घ्या, दोन माणसं आणि दोन मोबाइल लागतील : मीटरपेटीत व्होल्ट, विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये व्होल्ट, आणि क्लॅम्प मीटरने ॲम्पियर. क्लॅम्पच्या जबड्यात एकच कोर (केबलच्या आतली एक तार) घ्यायचा. पूर्ण केबल घेतली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतं.

समजा पेटीत २२६, विहिरीवर १९३ आणि करंट १०.६ आला. फरक ३३ व्होल्ट, भागिले १०.६, म्हणजे ३.११ ओहम. कागदावर २.९६ आले होते. तांबं तापलं की रोध वाढतो, कोर ५० अंशांवर गेला तर बारा टक्के, म्हणून ३.३ पर्यंत आले तरी केबल धडधाकट समजायची. मग दुखणं जॉइंटचं नाही, केबल बारीक असल्याचं आहे. उलट ४ ओहमच्या वर उत्तर आलं तर कुठेतरी गुंडाळलेला जॉइंट सडलाय. एका जॉइंटमध्ये १.१ ओहम जास्त असले तर करंटचा वर्ग गुणिले रोध, १०.६ × १०.६ × १.१, जवळपास १२४ वॅट त्या दोन इंचांत जळतात. तिथली टेप वितळलेली दिसेल.

केबल थंडगार का लागते? केबलमध्ये ३३ × १०.६ म्हणजे ३५० वॅट जाताहेत खरे, पण ते दोनशे मीटरवर पसरलेत. मीटरभर केबलच्या वाट्याला पावणेदोन वॅट येतात, तळहाताला ते काय समजणार? रोज पाच तास मोटर चालली तर पावणेदोन युनिट मात्र मातीत जातात.

मोटर जळते ती दोन कारणांनी. एक, १९३ व्होल्टवर तेवढंच पाणी उचलायला तिला जास्त करंट लागतो, करंट वाढला की केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात, आणि वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दुसरं आणि मोठं कारण सुरू होतानाचं. बंद मोटर सुरू होताना चौपट किंवा त्याहून जास्त करंट मागते. ४० ॲम्पियर धरू. म्हणजे त्या क्षणी मोटर ५.७५ ओहमच्या वस्तूसारखी वागते. त्यात केबलचे २.९६ मिळवले की करंट २६ ॲम्पियरवर अडतो आणि मोटरच्या टोकाला १५२ व्होल्टच उरतात. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर असतो : (१५२ ÷ २३०) चा वर्ग, ०.४४. निम्म्याहून कमी. मोटर नुसती घुमते, फिरायला वेळ घेते आणि तेवढा वेळ २६ ॲम्पियर वाइंडिंगमध्ये वाहत राहतात. (हे ढोबळ गणित आहे, मोटरचा आणि केबलचा रोध असा सरळ बेरजेने मिळत नाही, पण निर्णय घ्यायला पुरतं.)

केबल चारची घेतली तर चालताना १८ व्होल्ट पडतील, सहाची घेतली तर १२. आमच्या मते सहाची टाका. सहाच्या केबलवर सुरुवातीचा जोर ४४ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर जातो, हा खरा फायदा. तांबं परवडत नसेल तर ॲल्युमिनियमची दहाची केबल सहाच्या तांब्याइतकीच पडते. फक्त ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना पीळ देऊन जोडू नका, पावसाळ्यात तो जॉइंट पांढरा पडून सुटतो. दोन धातूंसाठीचा लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) वापरा.

केबल बदलण्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघा. स्टार्टरमधला कपॅसिटर त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडइतका आहे का, ते मोजून घ्या. कमकुवत कपॅसिटरनेही मोटर अशीच घुमते. आणि ओव्हरलोड (करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग) सारखा पडतो म्हणून कुणी त्याचा स्क्रू वर फिरवलाय का? तो मोटरच्या पाटीवरच्या ॲम्पियरवर आणा. वर फिरवलेला ओव्हरलोड म्हणजे मोटर भरणाऱ्याची कमाई.

पत्रात तुम्ही वाइंडिंगचा रोध अडीच ओहम आल्याचं आणि २३० ÷ २.५ = ९२ ॲम्पियर हे उत्तर पाहून घाबरल्याचं लिहिलंय. घाबरू नका. मीटर फक्त तारेचा रोध सांगतं. एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) करंटला फिरणारी मोटर याशिवाय दुसराही अडथळा करते, तो ओहममीटरवर दिसत नाही. वाइंडिंगचा आकडा भरण्याआधी आणि भरल्यानंतर ताडून बघायला उपयोगी, करंट काढायला नाही.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून १५०० वॅटची किटली आणली. तिच्यावर १२० व्होल्ट लिहिलंय. प्लगचा ॲडॅप्टर आहे, लावू का?
— वाचक, ठाणे

नको. ॲडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. किटलीचा रोध १२० × १२० ÷ १५०० = ९.६ ओहम. २३० ला तो २४ ॲम्पियर ओढेल आणि ५५०० वॅट होतील. १६ ॲम्पियरचा एमसीबी आधी पडेल की कॉइल आधी जाईल, एवढाच प्रश्न. उलट इथली १५०० वॅटची किटली तिकडे नेली तर तिचे ४०८ वॅट होतात. जळत नाही, पण चहाला जवळपास पावणेचार पट वेळ थांबायची तयारी हवी. एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर किटलीपेक्षा महाग आणि जड पडतो. किटली तिकडेच शोभते.

प्रश्न : मोटरसायकलला तीन पांढऱ्या एलईडी एकसर लावून १८० ओहमचा रोधक जोडला. टेबलावर १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर महिनाभर चालल्या, गाडीवर आठ दिवसांत मंद झाल्या.
— आयटीआयचा विद्यार्थी, अकोला

गणित १२ व्होल्टचं केलंस, गाडी १२ व्होल्टची नाही. एका एलईडीला ३.१ प्रमाणे तिघींना ९.३ व्होल्ट. टेबलावर (१२ − ९.३) ÷ १८० = १५ मिलिॲम्पियर, उत्तम. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत चढतात. तेव्हा रोधकाच्या वाट्याला ५.१ व्होल्ट येऊन करंट २८ मिलिॲम्पियर होतो. व्होल्टेज वीस टक्के वाढलं, करंट जवळपास दुप्पट झाला, कारण एलईडी आपला हिस्सा फारसा वाढवत नाही, सगळी वाढ रोधकावर येते. २० मिलिॲम्पियरची एलईडी यात भाजते.

१४.४ धरून गणित कर : ५.१ ÷ ०.०१५ = ३४०. बाजारात ३३० किंवा ३९० मिळतो, ३९० घे. पाव वॅटचा पुरतो. प्रकाश कमी वाटला तर एकसर तीनऐवजी दोन एलईडी लाव आणि रोधक पुन्हा काढ. रोधकाच्या वाट्याला जितके जास्त व्होल्ट, तितका करंट स्थिर राहतो.

प्रश्न : क्लॅम्प मीटरवर फ्रिज १.१ ॲम्पियर घेतो. २३० × १.१ = २५३ वॅट. पण कंपनीच्या माहितीशी आणि बिलाशी हा आकडा जुळत नाही, बराच जास्त येतो.
— वाचिका, पुणे

एसी करंटवर चालणाऱ्या मोटरसाठी व्होल्ट गुणिले ॲम्पियर म्हणजे वॅट नव्हेत, ते व्होल्ट-ॲम्पियर. त्यातला काही करंट कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये नुसता ये-जा करतो, काम करत नाही. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं, आणि तो क्लॅम्प मीटर सांगत नाही. गिझर-इस्त्रीला पॉवर फॅक्टर एक असतो, म्हणून तिथे साधा गुणाकार चालतो.

खरे वॅट तुमच्या घरच्या वीजमीटरवर फुकट मोजता येतात. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाची खूण असते (तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या). घरातलं बाकी सगळं बंद करा. राउटर, टीव्हीचा लाल ठिपका, चार्जरसुद्धा. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर दोन मिनिटं जाऊ द्या. मग एका लुकलुकीला मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करून ‘शून्य’ म्हणा आणि दहाव्या लुकलुकीला थांबवा. पहिल्या लुकलुकीला ‘एक’ म्हटलं तर नऊच अंतरं मोजली जातात, तेवढं जपा.

दहा लुकलुकींना ७० सेकंद लागले असं धरू. ३६,००,००० × १० ÷ (३२०० × ७०) = १६१ वॅट. यावरून पॉवर फॅक्टरही निघतो, १६१ ÷ २५३, म्हणजे ०.६४. जुन्या फ्रिजला हे नेहमीचं आहे. शिवाय कॉम्प्रेसर दिवसभर चालत नाही, तापमान उतरलं की बंद होतो, म्हणून १६१ ला २४ तासांनी गुणू नका. दिवसाचे युनिट हवे असतील तर एखाद्या सुट्टीला घरातलं बाकी सगळं बंद करून गावाला जा, जाताना आणि आल्यावर मीटरचं रीडिंग घ्या.

प्रश्न : ८०० वॅटचा लोड टाकला की इन्व्हर्टर दहा मिनिटांत ‘लो बॅटरी’ दाखवून बंद होतो. बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच, वर्षभरच जुनी. दुकानदार नवी घ्या म्हणतो. बॅटरीवर मोजलं तर १२.७ व्होल्ट येतात.
— वाचक, कोल्हापूर

१२.७ व्होल्ट लोड नसतानाचे. सांगोल्याच्या विहिरीवरचाच प्रकार, फक्त इथे केबल दोन हातांची आहे.

८०० वॅट म्हटल्यावर घराच्या बाजूला साडेतीन ॲम्पियर होतात, म्हणून कुणाला काही वाटत नाही. बॅटरीच्या बाजूला तेच वॅट १२ व्होल्टवर काढायचे असतात, आणि इन्व्हर्टर स्वतः थोडे खातो. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ८०० ÷ (१२ × ०.८५) = ७८ ॲम्पियर. इतक्या करंटला रोध ओहममध्ये नाही, हजारांश ओहममध्ये मोजायचा. टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी चढून पाच मिलिओहम रोध आला, तर ७८ × ०.००५ = ०.३९ व्होल्ट तिथेच गेले आणि ७८ × ७८ × ०.००५ = ३० वॅट उष्णता झाली. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. त्याहून जास्त वॅट तुमच्या टर्मिनलवर जळताहेत. दोन्ही टर्मिनलं तशी असतील तर पाऊण व्होल्ट गेला. बॅटरीत ११.५ असले तरी इन्व्हर्टरला पावणेअकरा दिसतात आणि तो ‘लो बॅटरी’ म्हणतो.

हा पाच मिलिओहम मल्टिमीटरच्या ओहमवर दिसणार नाही, पिनांचाच रोध त्याच्या चाळीस ते शंभरपट आहे. तो व्होल्टेजवरून काढायचा. लाइट गेलेली असताना ८०० वॅट चालू ठेवा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर घ्या. एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटाच्या मधोमध टोचून धरा, दुसरी त्याच खुंटावर बसवलेल्या केबलच्या लगवर. खुंट आणि लग यांच्यात दहा-वीस मिलिव्होल्ट आले तर ठीक. शंभरच्या वर गेले तर जॉइंट खराब, तीनशे-चारशे असतील तर दुकानदाराकडे जायची गरज नाही. मग तसंच दुसऱ्या खुंटावर, आणि मग केबलच्या एका लगपासून इन्व्हर्टरकडच्या लगपर्यंत. बॅटरी स्वतः दोषी आहे का, हे याच वेळी कळतं : एक पिन एका खुंटात, दुसरी दुसऱ्या खुंटात. तिथेच दहा मिनिटांत व्होल्टेज अकराच्या खाली गेलं तर मात्र बॅटरीच बसली आहे.

साफ करताना इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने खुंट आणि लग घासा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोड्याचं पाणी आत गेलं तर ॲसिड मारलं जातं. पुसून कोरडं करा, लगची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी लावू नका. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. हातात कडं किंवा अंगठी असेल तर काढून ठेवा. पान्यासारखी तीही दोन्ही खुंटांना लागू शकते, आणि तिथे एमसीबी नसतो.